बडोद्यात मी ‘हो’ म्हणालो

बडोद्याहून परत आल्यापासून कामोठ्यात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय पाटील, जमलं का?" उत्तर एका शब्दाचं आहे. पण तो शब्द सांगितला की बडोदं राहून जातं, आणि त्या एका दिवसात आमच्यावर काय काय गुदरलं तेही राहून जातं. म्हणून ज्यांनी बडोदं पाहिलेलं नाही आणि ज्यांना सवड आहे, त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगतो.

आमची मानसी तिथल्या विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकते. जुन्या वस्तू कशा जपायच्या, कशा मांडायच्या, याचं शिक्षण. असंही काही शिकवतात हे आमच्या भावकीला अजून पटलेलं नाही. दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिनं आईला सांगितलं की केदार शिर्के नावाचा मुलगा आहे, प्राणिशास्त्र शिकवतो, पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेलं मराठी घर, वडील नाहीत, घरात फक्त आई. आईनं, म्हणजे सुनंदानं, ते मला सांगितलं. मग भेटायचं कसं, यावर मानसीनंच तोड काढली. वर्षातून एक दिवस ते विद्यापीठ सगळ्यांसाठी खुलं असतं. प्रत्येक विभाग प्रदर्शन लावतो, दिवसभर व्याख्यानं होतात, संध्याकाळी गाणं-बजावणं. "त्या दिवशी या," ती म्हणाली. "बघायला आलोय असं कुणालाच वाटणार नाही. फिरता फिरता भेट होईल."

कल्पना मला आवडली. पोह्यांच्या बशा नाहीत, सतरंजीवर अंग चोरून बसणं नाही. शिवाय प्रदर्शन बघायला कान लागत नाहीत.

हे कानांचं सांगायला हवं. मी तळोज्याच्या एका कारखान्यात निवृत्त होईपर्यंत कॉम्प्रेसरवर होतो. तिथं बोलायचं म्हणजे दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. पुढे घरातली माणसंही माझ्याशी तसंच बोलायला लागली, तेव्हा काय झालंय ते कळलं. गावच्या भजनात मी टाळ धरायचो. शेवटी शेवटी टाळ वाजतायत हे हातांना कळायचं, कानांना नाही. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज शिल्लक आहेत, बारीक गेलेत. पुरुष बोलले तर बरंचसं कळतं. बायकांचं आणि मुलांचं बोलणं नुसतं वाहत येतं, त्यातून स, श, त, फ अशी अक्षरं गळून पडलेली असतात. मग दोन्ही कानांची यंत्रं घेतली. घरात, शांततेत ती चांगली चालतात. पण चार माणसांत गेलं की चमचा, खुर्ची, हॉर्न आणि माणूस, सगळं एकाच मापानं डोक्यात शिरतं. त्यामुळे यंत्रं डबीत आणि डबी खिशात, अशी सवय लागली होती. मानसीला मी "जरा कमी ऐकतो" एवढंच माहीत होतं.

निघताना सुनंदानं विचारलं, "यंत्रा घातलीव का?"

"खिशात हायत."

"खिशाला आयकू येतं काय?"

व्याही-विहिणींच्या पहिल्या भेटीत कानामागे यंत्रं लावून जायला माझं मन घेत नव्हतं. माणसं आधी कानांकडे बघतात, मग तोंडाकडे.

बडोदं, सकाळचं

पनवेलला गाडीत बसलो आणि सकाळी बडोद्याला उतरलो, मधलं सांगण्यासारखं काही नाही. स्टेशनवर मानसीबरोबर केदार आला होता. उंच, सावळा, चष्मा. वाकून पाया पडला आणि म्हणाला, "प्रवासात त्रास नाही ना झाला?" आवाज खर्जातला होता. एक अक्षर सुटलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. मुलगा कसा का असेना, ऐकू येतो.

बडोद्याचे रस्ते रुंद आहेत आणि झाडं जुनी आहेत. आमच्याकडे सेक्टर आधी होतो आणि झाडाची आठवण नंतर येते. इथं वडांना वळसा घालून रस्ते गेलेत असं वाटतं. दुकानांच्या पाट्या गुजरातीत. ती अक्षरं म्हणजे आपलीच, फक्त डोक्यावरची रेघ काढून टाकलेली. अर्धं वाचता येतं, अर्धं अंदाजानं जुळवायचं. मला ते जड गेलं नाही, मी रोज ऐकताना तेच करतो.

विद्यापीठात शिरलो तर समोर केवढा मोठा घुमट. सुनंदा मान वर करून बघत राहिली आणि पदर सावरायला विसरली. गर्दी म्हणाल तर जत्रेसारखी, पण ढकलाढकली नाही. शाळेची मुलं रांगेत, म्हातारी माणसं काठ्या टेकत, कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन आलेली. आमच्या पनवेलला लोक इतक्या हौसेनं एक तर मैदानावरच्या सेलला जातात, नाही तर कुणाच्या हळदीला. शिक्षण बघायला डबा घेऊन येणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

चहा आला तो पुदिना घातलेला आणि गोड. केदार म्हणाला, "आई दुपारी येईल. सकाळी तिचा रियाज असतो." त्याची आई, उषाताई, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेली. सुनंदानं माझ्याकडे बघितलं. गाण्यातली बाई आणि मी, दोघांची भेट तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असावी.

चौथऱ्याशेजारी

चित्रांच्या विभागात मुलांनी हिरवळीवर, झाडांना टेकून, जिन्याच्या पायऱ्यांवर चित्रं मांडली होती. काही मला कळली, काही नाही. एक मुलगी मातीची भांडी करत होती, तिच्यापुढून सुनंदा हलेना. एका मोठ्या चित्रात नुसता पाऊस पडल्यानंतरचा पत्रा होता, गंजाचे ओघळ सुटलेला. तो मी खूप वेळ बघितला. कारखान्याच्या शेडचा पत्रा असाच होता आणि त्याचं चित्र होऊ शकतं हे इतकी वर्षं त्याच्याखाली उभं राहून मला सुचलं नव्हतं.

मग मानसी आम्हाला तिच्या विभागात घेऊन गेली. दारात ती जरा अडखळली. "बाबा, रागावू नका हं," असं काहीतरी म्हणाली. नीट कळलं नाही. मी मान हलवली.

आत एका भिंतीवर मिठागराचे मोठे फोटो होते. ओळीनं वाफे, बांध, पांढरे ढीग आणि पाठीमागे खाडी. उरणच्या अंगाला माझ्या वडिलांचं आगर होतं. आता तिथं द्रोणागिरीची गोदामं आहेत, कंटेनरची थप्पी लागलेली असते. मी जागा दाखवायला गेलो तर मलाच सापडत नाही. आणि त्या फोटोंच्या खाली एका चौथऱ्यावर वडिलांचं मीठ ओढायचं लाकडी फावडं ठेवलं होतं. दांडा तोच, मध्ये एका बाजूनं झिजलेला. सुनंदानं ते माळ्यावरून काढून कधी पोरीच्या हाती दिलं, मला पत्ता नव्हता.

मी पुढे झालो आणि दांडा धरला. हात आपोआप त्या झिजलेल्या जागेवर गेला.

कुणीतरी खांदा दाबला म्हणून वळलो. पहारेकरी होता, लालबुंद झालेला. तो बराच वेळ मागून हाका मारत होता म्हणे. "काका, कब से बोल रहा हूँ, हाथ नहीं लगाने का."

"मेरे बाप का है," मी म्हटलं.

मानसी धावत आली, त्याच्याशी काहीतरी बोलली आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात काही म्हणाली. चेहऱ्यावरून मला वाटलं, तिला वाईट वाटलं. मी हात काढून घेतला. नंतर कळलं की ती म्हणाली होती, "बाबा, त्यानं तीनदा सांगितलं तुम्हाला. सगळे बघत होते." तिला वाटलं मी मुद्दाम हट्ट केला. मला वाटलं, वडिलांच्या आठवणीनं तिचे डोळे भरले. दोघंही आपापल्या समजुतीत तिथून बाहेर पडलो.

केदारचं व्याख्यान

बडोद्यातून विश्वामित्री नदी वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. खऱ्याखुऱ्या, भर शहरात. पुलावरून लोक स्कूटर थांबवून बघतात. पावसाळ्यात पूर आला की त्या गल्लीत येतात, कुणाच्या अंगणात, कुणाच्या गाडीखाली. आमच्या गाढी नदीला पूर आला तर फार तर साप येतात, तेव्हा आम्ही सगळी आळी डोक्यावर घेतो. केदार या मगरींवर काम करतो आणि त्यावरच तो बोलणार होता.

सभागृह मोठं, घुमणारं. पण पडद्यावर चित्रं होती आणि मुलगा बोलताना लोकांकडे तोंड करून बोलत होता, पडद्याकडे नाही. ही गोष्ट शंभरात दोन माणसं करतात. त्यामुळे गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळं मिसळलेलं असूनही मी पुष्कळ पकडलं. मगरीला लोक भितात, पण पकडून लांब नेऊन सोडली तरी ती आपल्या पाण्याकडे परत यायला बघते, असं तो सांगत होता. एका म्हातारबाबांनी विचारलं की मग आम्ही करायचं काय. तो हसला नाही, चिडला नाही. त्यांच्या घराच्या मागचा ओढा कुठून येतो ते विचारून घेतलं आणि मग सांगितलं. मला तो तिथं आवडला. जावई म्हणून नव्हे, माणूस म्हणून.

शेवटी त्यानं एक आवाज ऐकवला. सगळं सभागृह पुढे झुकलं, बायकांनी हात गालांवर नेले, पोरं खुसखुसली. मला काहीच ऐकू आलं नाही. काही वाजतंय हेसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या तशा मीही वाजवल्या.

"काय होतं?" मी सुनंदाला विचारलं.

ती कानाशी येऊन म्हणाली, "पिल्ला अंड्यातनं आवाज देतात आईला. मंग ती वाळू उकरून त्यांना काडते."

मी परत पडद्याकडे बघितलं. तोवर दिवे लागले होते.

सेव-उसळ

दुपारी उषाताई आल्या. बारीक अंगाच्या, पांढरी साडी, केसांत एक फूल. नमस्कार केला आणि बोलल्या. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. इतका हळू आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि तोही ऐकला असं म्हणता येणार नाही. शिवाय बोलताना खाली बघायची सवय.

बडोद्याला जाऊन सेव-उसळ खाल्ली नाही तर गेल्यासारखं नाही, असं केदार म्हणाला. मैदानात ठेला होता. वाटाण्याची उसळ, वर मूठभर सेव, कांद्याची पात, वेगळी तिखट तरी आणि पाव. आपल्या मिसळीची ही चुलतबहीण, सासरी जाऊन थोडी गोड झालेली. तरी मात्र झणझणीत. भोवती गर्दी, ठेलेवाला डाव आपटतोय, मागे कुठल्याशा विभागाची मुलं ढोल वाजवतायत. सुनंदा आणि मानसी पाणी आणायला गेल्या, केदार पैसे द्यायला. मी आणि उषाताई बशा हातात घेऊन उभे राहिलो.

त्यांनी बशीकडे बघत मला काहीतरी विचारलं. वाक्याच्या शेवटी "ना" होतं, एवढं समजलं. त्यांच्या डोळ्यांत तरीमुळे पाणी आलं होतं, माझ्याही आलं होतं. मी म्हटलं, "हो, हो. अगदी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा काही म्हणाल्या. तेही "ना"वरच संपलं.

"अगदी," मी हसून म्हटलं.

त्यांनी बशी खाली ठेवली. निम्मी उसळ तशीच होती. मला वाटलं, तिखट सोसलं नाही बिचारीला. केदार आला, त्याला त्या काही बोलल्या आणि दोघं गर्दीतून पलीकडे गेले. मी माझी बशी संपवली आणि खरं सांगायचं तर निम्मा पाव आणखी घेतला. इतकं सगळं सुरळीत पार पडलं याचं मला समाधान वाटत होतं.

थोड्या वेळानं मानसी आली ती डोळे सुजवून. माझ्या समोर उभी राहिली आणि मोठ्यानं बोलली, त्यामुळे प्रत्येक शब्द आला.

"बाबा, तुम्ही त्यांना असं का सांगितलंत?"

"काय सांगितलं?"

"त्यांनी विचारलं, मुलगी इतक्या लांब द्यायची म्हणजे मनातून नको वाटतंय ना तुम्हाला? आणि तुम्ही हसत हसत म्हणालात हो, अगदी. त्यांनी परत विचारलं, केदारला मग मी समजावू ना? त्यावर पण अगदी."

सुनंदानं कपाळावर हात मारला.

"मला वाटलं त्या विचारतायत, उसळ तिखट आहे ना."

"बाबा, प्लीज. काहीही सांगू नका. सकाळी त्या गार्डशी तसं वागलात, आता हे. तुम्हाला नको असेल तर मला सांगायचं होतं. त्यांना कशाला?"

आता सांगण्यासारखं एकच होतं. मी खिशातून डबी काढली आणि उघडून तिच्यापुढे धरली. तिला आधी समजलं नाही काय आहे ते, मग समजलं.

"ही कधी घेतलीत?"

"उन्हाळ्यात."

"दोन्ही कानांची?"

"दोनी," सुनंदा म्हणाली. "मी सांगत होते, घाला म्हणून. आयकतील तर ना."

मानसी एकदम खाली बसली, तिथंच गवतावर, आणि तोंड ओंजळीत घेतलं. रडते की हसते ते मला बघून कळेना. मी वाकून विचारलं तर ती म्हणाली, "सकाळी मी गार्डची माफी मागितली, बाबा. म्हटलं आमचे वडील जरा तापट आहेत."

वडाखाली

उषाताई संगीत विभागाच्या बाजूच्या वडाखाली पारावर बसल्या होत्या. केदार शेजारी उभा, चेहरा उतरलेला. मी दोन्ही यंत्रं कानांत घातली. आधी शिट्टी वाजली, मग एकदम सगळं आत आलं. पायाखालची खडी, सुनंदाच्या बांगड्या, कुणाच्या तरी सायकलची साखळी. वर वडात पोपट कलकलत होते. सकाळपासून आम्ही त्याच वडाखालून दोनदा गेलो होतो.

एकटाच पुढे गेलो. कारखान्यात एकदा पाइप फुटला होता तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो. तिथं काय करायचं ते माहीत होतं.

"ताई," मी म्हटलं, "दुपारी तुम्ही मला काय विचारलंत ते मला ऐकू आलं नव्हतं."

त्यांनी वर बघितलं. यंत्रांतून त्यांचा आवाज आला, बारीक पण शाबूत. "पण तुम्ही तर हो म्हणालात."

"ऐकू आलं नाही की मी हो म्हणतो. बहुतेक ठिकाणी चालून जातं."

त्या माझ्या कानांकडे बघत राहिल्या, मग माझ्या तोंडाकडे. मला ज्याची भीती वाटत होती ते तेवढंच होतं आणि ते होऊन गेलं. मग त्यांनी हात तोंडावर धरला आणि खांदे हलायला लागले.

"आणि मी इथं बसून काय विचार करतेय," त्या म्हणाल्या. "म्हटलं माणूस किती सरळ आहे. तोंडावर सांगितलं, तेही हसून. आता पोराला कसं समजावू, या काळजीत बसले मी."

"अगदी पण म्हणालो म्हणे मी."

"दोनदा ने." तिकडचं ‘ने’ म्हणजे आपलं ‘ना’.

केदार आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. त्याच्या आईनं त्याला खुणेनं बस म्हटलं तेव्हा तो पारावर बसला.

"मग आता परत विचारू?" उषाताईंनी विचारलं.

"विचारा. पण माझ्याकडे बघून, आणि जरा मोठ्यानं."

त्यांनी घसा साफ केला आणि आवाज चढवून विचारलं, "मुलगी इतक्या लांब द्यायची म्हणजे मनातून नको वाटतंय ना तुम्हाला?" पारापलीकडची चार माणसं वळून बघायला लागली.

यावेळी मी लगेच उत्तर दिलं नाही. "लांब आहे," मी म्हटलं. "ते वाटतं. खोटं कशाला बोलू. पेणला असती तर संध्याकाळी स्कूटरवर जाऊन आलो असतो. पण नको नाही वाटत. आमच्यात नको म्हणायचं झालं तर हसून म्हणत नाहीत, घसा फोडून म्हणतात. आणि तुमचा मुलगा माझ्याकडे तोंड करून बोलतो."

"मलाही भीती वाटते," त्या म्हणाल्या, आता आवाज पुन्हा खाली आला होता, पण तोंड वर होतं. "माहेर लांब असलेली पोर येणार. एखाद्या दिवशी रडली तर तिची आई थोडीच पोचणार लगेच. मग मीच ने? मला जमेल की नाही, कोण जाणे."

"तेवढं येतो आम्ही," सुनंदा मागून म्हणाली. ती आणि मानसी केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नव्हतं, म्हणजे ऐकू येऊनही कळलं नव्हतं. "रात्रीची गाडी हाय. सकाळी पोचतंव."

उषाताईंनी सरकून तिला पारावर जागा करून दिली.

गाणं

संध्याकाळी गाणं होतं. मी टाळायच्या विचारात होतो. भजनातले टाळ सुटल्यापासून मी गाण्याच्या वाटेला गेलो नव्हतो. अर्धी गेलेली वस्तू बघून जीव जळतो. पण उषाताई म्हणाल्या, "चला. नाही आवडलं तर उठू," आणि केदारनं बाजूच्या अशा खुर्च्या धरल्या की गाणारीचं तोंड दिसत होतं.

वीस-बाविशीची मुलगी होती. यमन आहे, असं उषाताईंनी माझ्या हाताला हात लावून सांगितलं. यंत्रांतून पेटी पत्र्यासारखी वाजत होती आणि टाळ्या म्हणजे भांड्यांची मांडणी कोसळावी तशा. मी एक यंत्र काढलं. तर त्या कानाला डग्गा असा घुमला की छातीत लागला, मोकळा, जसा पूर्वी लागायचा तसा. दुसऱ्या कानात गाणारी. मग मी तसाच बसलो, एका कानात तबला आणि एका कानात मुलगी. लोकांना विचित्र दिसलं असेल. उषाताई मांडीवर बोटांनी ताल धरत होत्या, माझी वाट चुकली की त्यांच्या बोटांकडे बघायचो.

मुलगी वर वर गेली. गेली कित्येक वर्षं आवाज एका जागी जाऊन संपायचा, आणि गाणारा मात्र तोंड उघडून पुढे जात असायचा. आज ती जागा आली आणि आवाज संपला नाही. जरा खरखरीत झाला, फाटला, पण वरच्या ‘सा’पर्यंत तिच्याबरोबर मी गेलो. तिथं ती थांबली तेव्हा मी शेजारी बघितलं. सुनंदा गाणं बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

जेवण मात्र उषाताईंच्या घरी. जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरचं घर, तंबोरा कोपऱ्यात. सुनंदाला दिवाळीपासून एक काळजी होती, पोरीला मासळीवाचून जन्म काढावा लागणार. तर उषाताईंनी मटण केलं होतं. वरणात गूळ होता, पण मटणात नव्हता, याबद्दल आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून देवाचे आभार मानले. यंत्रं मी काढून ठेवली होती, कान शिणले होते. तसं सांगितलंही. सांगायला काही वाटलं नाही याचंच नवल वाटलं.

मग उषाताई माझ्या समोर बसून, माझ्याकडे बघून, मोठ्यानं बोलायला लागल्या. केदारच्या वडिलांचं, बडोद्यात मराठी शाळा कशा भरलेल्या असायच्या त्याचं, मानसी पहिल्यांदा घरी आली आणि तंबोऱ्याची तार कशी गंजते ते बघत बसली त्याचं. केदार म्हणाला, मी जन्मात आईचा एवढा आवाज ऐकला नाही. उषाताई लाजल्या, पण थांबल्या नाहीत. बडोद्यातले मराठी लोक वाक्याच्या टोकाला "ने" लावतात ते मला तेव्हा स्पष्ट ऐकू आलं. घ्या ने. बसा ने. एवढंच काय ने.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे शेजारी, भारदस्त गुजराती गृहस्थ, दारात उभे. काळजीत दिसत होते. "उषाबेन, बधुं बराबर छे ने?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं वर भांडण जुंपलंय.

उषाताई आवाज खाली आणायला विसरल्या. माझ्याकडे पाठ करून त्यांनी दारातल्या माणसाला सांगितलं, "वेवाई आव्या छे." वेवाई म्हणजे व्याही, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मानसीनं हातातली वाटी ताटात ठेवली.

शेजारी मनमोकळं हसले. "तो धीमे बोलो ने. भागी जशे."

त्यांचा आवाज कॉम्प्रेसरसारखा होता. मी आतून उत्तर दिलं, "पळून जात नाय. जेवण झाल्याबिगर तर नायच."

ते आत आले, आमच्याकडे बघून हात जोडले आणि विचारलं, मग लग्न केव्हा?

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. यावर कुणीच कुणाशी बोललं नव्हतं. केदार मानसीकडे बघत होता, मानसी माझ्याकडे, मी उषाताईंकडे. तेव्हा सुनंदानं, मला न विचारता, कुणालाच न विचारता, सांगून टाकलं, "मे महिन्यात. पनवेलला."

कुणी हरकत घेतली नाही. उषाताई शेजाऱ्यांसाठी ताट घ्यायला आत गेल्या.